तक्रारपेटीतली बिननावाची चिठ्ठी

पंचायतीची तक्रारपेटी भर ग्रामसभेत उघडायची आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, हा गोव्याच्या सीमेलगत दिग्गीकडच्या एका गावचा शिरस्ता. सेक्रेटरी शिवानंद तो इमानाने पाळत. आधी वाचायचं, समजून मागाहून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. "गव्यांनी भात तुडवलं," त्यांनी वाचलं. "नळाला पाणी न्हाई." मग त्याच सुरात, "लगीन जवळ आलंय. पहिल्या रातीला काय करत्यात ते नीट ठाऊक न्हाई. लई भ्या वाटतंय. कुणाला इचारावं?"

शिवानंदांनी चष्मा पुसला. "ही कुठल्या खात्याकडं पाठवू?"

चिठ्ठी पुरुषांच्या रांगेत बसलेल्या चंद्राची होती. आरोग्याचं काम बघणाऱ्या रूपालीबाईंनी तरुणांना सांगितलं होतं, 'लाजू नका, शंका लिहून पेटीत टाका, नाव नको.' दर बुधवारी त्या अंगणवाडीत बसत आणि त्यासाठी तिथेच त्यांनी वेगळा डबा ठेवला होता, पण ते सांगायचं राहिलं. आणि पेटी म्हटलं की गावाला एकच पेटी ठाऊक.

"लगीन जवळ आलेली दोघंच हायत की," कुणीतरी म्हणालं. "चंद्रा आनि सुनयना."

दोघांचं लग्न एकमेकांशीच ठरलं होतं. पण चंद्रा दोन वर्षं गोव्यात ड्रायव्हर होता. गोव्यात राहिलेल्या पुरुषाला काही ठाऊक नसावं, हे गावाच्या डोक्यात शिरत नव्हतं, आणि चंद्रानेही मित्रांत हा समज खतपाणी घालून वाढवला होता. मग उरली सुनयना. सगळ्या माना बायकांच्या रांगेकडे वळल्या.

चंद्राचे वडील शंकर ताडकन उठले. "पोरीच्या जातीला असलं प्रश्न पडत्यातच कसं? उद्या आमच्या घरात काय दिवे लावंल? हे लगीन मोडलं म्हणून समजा."

चंद्राने तोंड उघडावं तर गावातली अब्रू जाते, न उघडावं तर सुनयना जाते. आणि सुनयना त्याला जिवापाड आवडत होती.

"बाबा, चिठ्ठी माझी हाय," तो कसाबसा म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शंकर क्षणभर गोंधळले, मग छाती फुगवून सभेकडे वळले. "बघा, पोरगं किती सरळ हाय माझं. ह्याला म्हणत्यात संस्कार." मघाचा निर्लज्जपणा दोन मिनिटांत घराण्याचं वळण झाला होता. "लगीन ठरल्या तारखेलाच हुईल."

"थांबा मामा," सुनयना उठली. "मघाशी लगीन तुमीच मोडलासा, आता तुमीच जोडतासा. मला कुणी इचारलंच न्हाई."

शंकर मटकन खाली बसले.

"मला बी त्यातलं ठाऊक न्हाई. ह्यांनी कबूल तरी केलं." ती चंद्राकडे वळली. "बुधवारी दोघं मिळून रूपालीबाईंना इचारू. मग तारखेचं बघू."

चंद्राने मान डोलावली. कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"अगं, लोक काय म्हणतील?" शंकर काकुळतीला आले.

लोक काहीच म्हणत नव्हते. बायकांनी सभेला आलेल्या रूपालीबाईंना गराडा घातला होता आणि बुधवारी सकाळी यायचं की दुपारी, ते विचारत होत्या. लग्नाला तीस वर्षं झालेली शंकरांची बायको सगळ्यांत पुढे होती.