सहा तासांच्या वाटेची हकीकत

आभाळांतील वाटांचा जो धनी, त्यास दंडवत घालून लिहिणें ऐसें जे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, माघमास. नऊ वर्षांमागें तिसऱ्या मजल्यावरील राज्यांत एक बोल उठला, तो अजून भिंतींस चिकटून आहे: "अगं, रात्री एकला बसायचं, सकाळी सातला उतरायचं. सहा तास! कोल्हापूरची एसटी याहून जास्त घेते." बोलणार महाराज त्र्यंबकराव, ऐकणार राणीसाहेब सुभद्राबाई, ज्या एकुलत्या कन्येस परमुलखीं देण्यास राजी नव्हत्या. मग महाराजांनीं तिकीट पुढें धरिलें, आणि राणीसाहेबांनीं चष्मा लावून वाचिलें, आणि खरेंच एक व सात हेच आंकडे होते, आणि मग त्यांनीं होकार दिला, आणि ऋजुताबाईंचें लग्न होऊन स्वारी विमानतळीं गेली, तेथें पहारेकऱ्यांनीं शाही लोणच्याची बरणी जप्त केली, आणि विमान उडालें. परंतु दोन विमानतळांमध्यें पावणेचार हजार कोस, उड्डाण सोळा तासांचें, आणि तिकडील घड्याळ इकडच्याहून सुमारें दहा तास मागें. इकडे दिवस तेव्हां तिकडे रात्र असते हें राणीसाहेब जाणत. तिकिटावरील आंकड्यांशीं तें त्यांनीं कधीं जोडिलें नाहीं. महाराज सर्व जाणून होते. कन्याही जाणे, पण "आईला सांगू नकोस, खचेल ती" ऐसी शपथ पित्यानें घातली होती.

मग नऊ वर्षें राणीसाहेब फोनवर टोमणे मारीत. "सहा तास गं फक्त! शेजारच्या निमाची पोर तेवढ्यात नवऱ्याशी भांडून माहेरी येते नि परतही जाते." आणि कधीं ओवी म्हणत:

सहा तासांची गं वाट, लेकी सांगू मी कुणाला
कोस मोजीना पाखरू, येतं सांजंचं घराला

आणि कन्या हंसून म्हणे, "सुट्टी नाही गं आई," आणि फोन ठेवून रडे.

माघांत राणीसाहेबांचें हृदय थकलें, वैद्यांनीं घरीं नेण्यास सांगितलें, सायंकाळीं निरोप गेला, आणि कन्या मिळेल त्या विमानांत बसली. राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे सकाळच्या चहाला येईल. आलं घाला हो, तिला आवडतं." मग चहा उकळला, आणि निवला, आणि त्यावर साय धरली, आणि दुपार झाली, आणि राणीसाहेबांनीं भिंतीकडे तोंड फिरविलें. "सहा तासांपुरतीही आई झाले नाही मी तिची. आता आली तरी दारातूनच परत पाठवा. माझी शपथ आहे तुम्हाला." आणि श्वास आंखूड होत चालला.

एवंच राज्याची अवस्था ऐसी: कन्या समुद्रावर अधांतरीं, राणी भिंतीकडे, राजा मध्यें उभा, आणि तिघांतून कोणी कोणास पोंचेना. मग महाराज जमिनीवर बसले, आणि राणीसाहेबांचा हात कपाळीं लाविला, आणि बोलिले:

"सुभद्रे, निरोप मिळाल्यापासून पोरगी कुठं थांबलेली नाही. सहा नाहीत गं, सोळा तास लागतात. मी तुला फसवून लेक दूर दिली, आणि नऊ वर्षं तुझी बोलणी तिला खायला लावली."