दांडग्याच्या घरचं दुःख

कोणताही मुलगा विनाकारण दांडगाई करत नाही, ही गोष्ट किशोर-कादंबऱ्यांच्या प्रकाशनव्यवसायात आता निर्विवादपणे सिद्ध झालेली आहे. संपादकबाईंच्या कार्यालयात तर तिला नियमाचा दर्जा आहे. दांडग्याचे वडील दारू पिणारे, आई परागंदा किंवा निदान कुत्रा तरी नुकताच वारलेला असावा. (दोन कारणं असल्यास पुरस्काराची शक्यता वाढते.) छळ होणाऱ्या मुलाला चष्मा आणि लपवलेली चित्रकला अनिवार्य. शेवटच्या प्रकरणात त्याला बक्षीस मिळतं, तेव्हा पहिली टाळी दांडग्याने वाजवायची. या पद्धतीने आजवर शंभर टक्के दांडगे सुधारले आहेत. (कागदावर.)

या कादंबऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना कार्यालयात सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात. बोलताना ते मध्येच अडतात, म्हणून. नाव प्रेमाने ठेवलेलं आहे. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. इतरांच्या चुका काढता काढता त्यांनी स्वतःच एक कादंबरी लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न अडखळता सांगून झालं होतं, आणि ते छापलं जाईल की नाही या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

बैठकीत बाईंनी हस्तलिखित मिटलं. "बाकी छान आहे हो. पण तुमच्या दांडग्याच्या घरी सगळं आलबेल? मग तो छळतो कशाला?"

"बाकीचे... ह-हसतात, म्हणून."

"ह-ह-हसतात!" विक्रीप्रमुखांनी हुबेहूब नक्कल केली. सगळी बैठक खळखळून हसली. बाईंनीही हसू आवरत "पुरे हं" म्हटलं. (छळाविरुद्धची पुस्तकं काढणारं कार्यालय आतून किती खेळीमेळीचं असतं, हे बाहेरच्यांना कळत नाही.)

स्वल्पविरामांचे कान तापले. पण नियम तो नियम. त्यांनी मनापासून काळजीने विक्रीप्रमुखांना विचारलं, "साहेब, घरी... सगळं ठीक आहे ना?"

"एकदम मजेत! का हो?"

"नाही... सहजच."

कादंबरी एकमताने परत आली. शेरा होता : 'विनाकारण छळणारी माणसं पटत नाहीत.' त्यांनी ती खणात ठेवली आणि दुसऱ्या एका कादंबरीतल्या कुत्र्याचा मृत्यू तपासायला घेतला.

असो. 'स्वल्पविराम' हे नाव वाचताना तुम्हालाही जरा हसू आलंच असेल. त्याबद्दल आम्ही तुम्हाला नावं ठेवणार नाही. विनाकारण कुणी तसं करत नाही, हे सिद्ध झालेलंच आहे. तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?