सोपानआप्पा आणि न उघडणारी लिंक

आमच्या कंपनीतले सोपानआप्पा कॉम्प्युटरवर आलेली सूचना उभं राहून वाचतात. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, आणि एकदा नाही, तीनदा. त्याआधी बेसिनवर जाऊन हात धुतात आणि शर्टाच्या बाहीला न पुसता वाळू देतात. तोवर कोणी माउसला हात लावला तर म्हणतात, "थांबा. ते काहीतरी सांगतंय. त्याचं पुरं होऊ द्या."

खरं तर कॉम्प्युटर हे त्यांचं काम नव्हे. शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन आहेत. वरवंडहून रोज मोटरसायकलवर येतात. मोटारी, पॅनेल, फ्यूज हा त्यांचा संसार. पण ऑफिसात मेलमधली लिंक उघडेना झाली की पुण्याच्या आयटीवाल्यांना फोन करायच्या आधी सगळे आप्पांना हाक मारतात. पुण्याचे लोक तक्रारीला नंबर देतात. आप्पा नंबर देत नाहीत, येतात.

"लिंक म्हंजी काय, वायर," असं त्यांचं म्हणणं. "हिकडं बटण, तिकडं दिवा. दिवा लागला न्हाई म्हणून बटणावर बुक्क्या मारून काय व्हतंय? मधी कुठं तुटलंय ते बघा."

एकदा अकाउंट्सचे साहेब वैतागून म्हणाले, "आप्पा, बँकेचा मेल आलाय, खातं बंद होणार म्हणतात, आणि लिंक उघडत नाही." आप्पांनी हात धुतले, तीनदा वाचलं, मग पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर सुटं करून वाचला. "साहेब, तुमच्या बँकेच्या नावात दोन 'ए' कवापासनं आले?" साहेबांनी वाकून बघितलं. "ही लिंक उघडली न्हाई ती देवाची किरपा," म्हणत आप्पांनी मेल उडवला आणि पॅनेलकडे निघून गेले.

पण मी आप्पांना मनातून हात जोडले ते मनीषाच्या दिवशी.

मनीषा निमोण्याची. आमच्या स्टोअरमध्ये चार वर्षं कंत्राटी. त्या दिवशी दुपारी तिला हेड ऑफिसचा मेल आला की कायम नोकरीसाठी निवड झाली आहे. खालच्या लिंकवर जाऊन आज पाचपर्यंत होकार कळवा. कंपनीचा मेल फोनवर येत नाही. तिनं कॉम्प्युटरवर लिंक दाबली. पाटी आली : या संगणकावरील निर्बंधांमुळे क्रिया रद्द केली आहे, प्रशासकाशी संपर्क साधा.

मनीषा माझ्याकडे आली. "सर, प्रशासक म्हंजी कोण? तहसीलदार का?"

मी परचेसमध्ये असलो तरी स्वतःला थोडा जाणकार समजत होतो. मी ती निळी लिंक कॉपी करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये चिकटवली. तिथं आलं, असं पान अस्तित्वात नाही. पुण्याला फोन केला. त्यांनी नंबर दिला. हेड ऑफिसचा फोन कोणी उचलेना. सव्वाचार वाजले होते. मनीषा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आप्पांना बोलवा," मी म्हणालो.

आप्पा आले. बेसिनवर गेले. मला वाटलं, आज तरी हे राहू द्यावं. पण त्यांच्यापुढं बोलायची कोणाची छाती नाही. त्यांनी पाटी तीनदा वाचली. मग वळून विचारलं, "काल लिंक उघडत व्हती. आज न्हाई. काल ह्या मशिनीतनं काय काढलं?"

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी तिचा कॉम्प्युटर फार हळू चालतो म्हणून मीच मोठ्या उत्साहानं साफसफाई केली होती. "एक जुना ब्राउझर होता," मी म्हणालो, "कोणी वापरत नव्हतं, म्हणून काढून टाकला."

"मेल वापरत व्हता," आप्पा शांतपणे म्हणाले. "लिंक दाबली की मेल त्यालाच हाक मारायचा. आता हाक मारतोय आन् घरात कुणी न्हाई."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण आप्पांनी तेवढ्यावर सोडून दिलं. "ते मागनं दुरुस्त करू. आधी पोरीचं काम. तुम्ही चिकटवून बघितलं, तरी पान न्हाई म्हणतंय. म्हंजी तार दोन जागी तुटलीय."

मग त्यांनी तो सगळा मेल वाचायला घेतला. अभिनंदनापासून. बोट पडद्याच्या जरासं अलीकडे धरून एकेक ओळ. घड्याळात साडेचार झाले. मागं चार-पाच जण जमले होते. लिंकपाशी येऊन आप्पांचं बोट थांबलं. निळी अक्षरं ओळीच्या टोकाला संपत होती. खालच्या ओळीवर काळ्या रंगात काही आकडे आणि अक्षरं होती. ती मी मेलचा काहीतरी नंबर समजून सोडून दिली होती.

"हे कुणाचं?" आप्पा म्हणाले. "हे बेवारशी न्हाई. हे वरच्याचंच शेपूट हाय. पत्ता लांब व्हता, ओळीत मावला न्हाई, खाली पडला. निळा रंग वरच राहिला."

त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, एकापुढं एक ठेवले, मधली मोकळी जागा पुसली आणि बटण दाबलं. पान उघडलं. वर मनीषाचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. आप्पा बाजूला सरकले. "होकार तू दे. तुझा हाय."

तिनं दिला. पडद्यावर पोच आली तेव्हा पाचला अठरा मिनिटं कमी होती. मनीषा वाकून पाया पडायला लागली तर आप्पा दोन पावलं मागं सरले. "अगं, वायर जोडली फक्त." मग खुर्चीत बसून त्यांनी लिंक कुठल्या ब्राउझरनं उघडायची ते सेटिंगमध्ये नव्यानं नेमून दिलं आणि मला म्हणाले, "सतीशराव, साफसफाई चांगली. पण काढायच्या आधी इचारावं, तुझ्यावर कोण अवलंबून हाय."

पुढच्या आठवड्यात मनीषानं पेढे आणले. आप्पा रजेवर होते. रविवारी मला सासुरवाडीला दौंडला जायचं होतं, वाटेत वरवंड. म्हटलं, देऊन जाऊ.

घर शेताच्या कडेला, समोर शेवंतीचे वाफे. आप्पा एकटेच होते. काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी चहा केला. टेबलावर जुना लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर एका लहान मुलीचा फोटो. समोरचा दात पडलेली, हसणारी.

"नात," आप्पा म्हणाले. "नागपूरला असती."

मग ते आपणहून बोलले. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. आप्पांनी बोलणं टाकलं. "तिची आई गेली तवा आली व्हती. दोन दिस राहिली. मी बोललो न्हाई. गेल्यावर तिचा मेल आला. अक्षर न्हाई लिहिलेलं, नुसती लिंक. उघडली तर हिचे फोटो. तवापासनं दर महिन्याला येती."

"तुम्ही काय लिहिता उलट?"

"काय न्हाई. उघडतो. रोज उघडतो. कुणी उघडली ते तिकडं दिसत न्हाई. मी तपासलंय, सगळ्या बाजूनं."

मी म्हणालो, "आप्पा, मग तिला कळणार कसं?"

त्यांनी लॅपटॉप पुढं ओढला. एका बोटानं लिहिलं : फोटो मिळतात. सगळे बघतो. दिवाळीला तिघं या. थोड्या वेळानं 'दिवाळीला' खोडलं आणि तिथं 'कवापण' लिहिलं. बटण दाबलं आणि विळा घेऊन बाहेर गेले.

मी चहा संपवत बसलो. दहा-बारा मिनिटांनी उत्तर आलं. मी ते उघडलं नाही. उठून दारात गेलो आणि त्यांना हाक मारली.