नरसय्या मिस्त्रींची जीभ

नरसय्या मिस्त्री कुठलीही गोष्ट चाखून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नसत. कुठलीही म्हणजे अगदी कुठलीही. मी मिलच्या रंगखात्यात कारकून म्हणून चिकटलो त्याच दिवशी त्यांनी माझ्या दौतीत करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाले, "पंत, शाईत पानी लई घातलंय की वो. अक्षर उडंल." महिन्याभरात उडालंच. नव्या विहिरीचं पाणी, सुताची नवी लड, पोस्टाचं तिकीट, सगळं आधी त्यांच्या जिभेवरून जायचं आणि मग पुढे.

त्यांचं कामच तसं होतं म्हणा. कढईत रंग उकळत असायचा. मिस्त्री काडीने थेंब उचलायचे, जिभेच्या टोकावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तुरटी कमी हाय." मुंबईहून आलेले केमिस्ट काचेच्या नळ्यांशी तासभर खेळून शेवटी तेच सांगत. मग मिस्त्री थुंकून, चूळ भरून म्हणायचे, "जीभ खोटं बोलत न्हाय, पंत." हे वाक्य दिवसातून दहादा तरी व्हायचं.

खरं म्हणजे त्यांना बोलायची गरजच नव्हती. चाखलेल्यात काही बिघाड असला की त्यांचा डावा गाल आणि डावा कान एकदम वर चढायचा. कामगार कानाकडे बघूनच तुरटीचं पोतं आणायला धावायचे.

बाकी हा माणूस म्हणजे सोलापुरातला पहिल्या नंबरचा भित्रा. मिलचा भोंगा वीस वर्षं ऐकत होते, तरी रोज भोंगा झाला की "अय्यो!" म्हणून छातीला हात. पोलीस दिसला की गल्ली बदलायचे. गाय वाटेत आडवी बसली असली तर ती उठेपर्यंत उभे राहायचे. बायको वारून सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, माझ्याच आळीत एका खोलीत एकटे राहायचे. आम्ही मिलला बरोबरच जायचो. ते भिंतीच्या कडेने, मी त्यांच्या मागून. मला हसायची सोय नव्हती, कारण दुसरा नंबर माझा होता.

आणि आम्हा दोघांना मिळून ज्याची सर्वांत जास्त भीती वाटायची, ते म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब. सहा फूट उंच, लालभडक, हातात वेताची छडी आणि पायाशी वासराएवढा कुत्रा. साहेब रंगखात्यात आले की माझ्या टाकातून डाग पडायचे.

तर एका दुपारी शिपाई आला. साहेबांनी नरसय्याला बंगल्यावर बोलावलंय, आणि साहेबांचं बोलणं समजावून सांगायला मला. माझ्या पाचावर धारण बसली. मिस्त्रींचं तर तोंडचं पाणीच पळालं. "पंत, मी काय केलं वो?" हे एकच वाक्य ते बंगल्याच्या फाटकापर्यंत म्हणत होते.

व्हरांड्यात टेबलावर बिअरचे तीन ग्लास भरून ठेवले होते. भिंतीला चिकटून साहेबांचा म्हातारा खानसामा बाबूमियाँ उभा होता. 

साहेबांनी छडी आपटत सांगितलं ते असं. विलायतेहून ते एक जोरकस, कडू बिअर मागवतात. हॉप नावाच्या वेलीची फुलं घालून ती कडू करतात. भर वैशाखात साहेब महिनाभर महाबळेश्वरला गेले होते. परत आल्यापासून काही बाटल्यांची चव त्यांना निराळी वाटत होती. पण हिवतापावर कोयनेल घेऊन घेऊन त्यांचं तोंडच कडू झालेलं, त्यामुळे खात्री नव्हती. पहिला ग्लास कालच आलेल्या पेटीतला, दुसरा जुन्या पेटीतला, तिसरा संशयाच्या बाटलीतला. तिसऱ्यात भेसळ निघाली तर खानसामा चोर, आणि आजच्या आज पोलिसांच्या ताब्यात.

"आणि ह्याला सांग," साहेब माझ्याकडे छडी रोखून म्हणाले, "खोटं बोलला तर हाही त्याच्याबरोबर जाईल."

मी ते मराठीत सांगितलं, पण माझी बोबडी वळली होती. मिस्त्री हळूच म्हणाले, "पंत, मी दारूला शिवत न्हाय. मरताना बायकोला शबूद दिलाय. चाखून थुकलं तर चालंल का, विचारा." साहेबांनी पिकदाणी आणवली. मी वही उघडली.

पहिला ग्लास मिस्त्रींनी उजेडात धरला. "रंग हळदीत तांबडी काव मिसळल्यावानी. फेस दाट हाय, मोडत न्हाय." मग घोट घेतला, डोळे मिटले. कान जागच्या जागी. थुंकून म्हणाले, "आदी कडू. लई जोराचं हाय, नाकात चढतंय. पर मागनं वल्ला पाला चुरगाळल्यागत वास येतोय, आन् नारिंगीच्या सालीचा. कडू हाय, पर वंगाळ न्हाय." मी भाषांतर केलं आणि साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्या फुलाचा वास हाच, म्हणाले. ज्या माणसाने जन्मात बिअर पाहिली नव्हती त्याने तो बरोबर ओळखला होता.

दुसरा ग्लास. "ह्ये उन्हात दमलंय. नारिंगी गेली, पाला बी गेल्यातच जमा. जोर हाय, कडू हाय." साहेबांनी मान हलवली. जुन्या पेटीचं तसंच होणार होतं.

मिस्त्रींनी तिसरा ग्लास उचलला तसे बाबूमियाँने डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते; दुवाच मागत असावा. मी मिस्त्रींच्या डाव्या कानाकडे टक लावून होतो. साहेबही बघत होते, कारण त्या कानाची ख्याती बंगल्यापर्यंत गेलेली होती.

मिस्त्रींनी घोट घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरला. कान हलला नाही. थुंकून म्हणाले, "ह्यो दुसऱ्याचा भाऊच हाय. उन्हात जरा जास्त दमलाय, येवढंच."

"नक्की?"

"जीभ खोटं बोलत न्हाय, साहेब."

 साहेबांनी तोच ग्लास पुढे सरकवला. "चांगली आहे ना? मग ही बक्षीस. पिऊन टाक सगळी. माझ्यासमोर."

मी भाषांतर करायच्या आधीच मिस्त्रींना ते समजलं. कुत्रा गुरगुरला. मला वाटलं, संपलं! एकतर शपथ मोडते, नाहीतर नोकरी जाते. पण मिस्त्रींनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, एकेक घोट घेत, तळापर्यंत रिकामा केला. गाल हलला नाही, कान हलला नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. रिकामा ग्लास ठेवून त्यांनी साहेबांना नमस्कार केला.

साहेबांनी छडी खाली ठेवली. "गेट आउट," म्हणाले, पण मवाळपणे.

फाटकाबाहेर येतो तो मागून बाबूमियाँ धापा टाकत आला आणि मिस्त्रींचे हात धरून रडायलाच लागला. "मिस्त्री, तुमकू मालूम पड्या ना?"

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "काडेचिराईत. आन् मियाँ, गूळ लई झालाय."

मग उलगडा झाला. साहेब महाबळेश्वरला असताना गोदामात उष्म्याने बाटल्या फटाफट फुटल्या होत्या. साहेब आपल्यालाच चोर म्हणणार या भीतीने म्हाताऱ्याने कडूजहर चिराइताचा काढा उकळला, त्यात गूळ आणि खाण्याचा सोडा घातला आणि साहेबांनी आधी संपवलेल्या रिकाम्या बाटल्यांत भरून बुचं ठोकली. एक थेंब प्यायला नव्हता तो. मिस्त्रींनी त्याला उरलेल्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतायला सांगितलं आणि आम्ही निघालो.

सात रस्ता चौकापाशी आलो तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मी चिडूनच विचारलं, "मिस्त्री, चिराईत ओळखलंत आणि बोलला नाहीत? आणि तो चोर असता तर? आपण दोघंही गजाआड गेलो असतो!"

"चोर नुसतं पानी घालतो, पंत. येवढा काढा उकळत बसतो, गूळ घालतो, त्यो भ्यालेला मानूस असतो. मला कळतं की त्ये." थोडं चालून ते म्हणाले, "आन् शबूद बी मोडला न्हाय. त्यात दारू कुटं हुती?"

मला हसू आलं. "पण तो कान? तुरटी जरा कमी पडली तरी तुमचा कान डोक्यावर चढतो. अख्खा ग्लास चिराईत प्यालात आणि हलला कसा नाही?"

 मिस्त्री भिंतीच्या कडेने चालत राहिले.

"बायकोला ताप हुता तवा चार म्हैने ह्योच काढा द्यायचो. ती लई भित्री, माझ्यापरीस भित्री. म्हनायची, आदी तुमी प्या. तुमचा कान हलला तर मी पिनार न्हाय." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "चार म्हैने रोज तिच्यासमोर प्यालो, पंत. येकदा बी हलू दिला न्हाय."

तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. "अय्यो!" मिस्त्री दचकले, पण या वेळी छातीला हात न लावता त्यांनी माझा हात धरला. आळी येईपर्यंत तो तसाच धरून ते चालले, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.