बेजार किती इंच?

दर शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं की रामोजीअण्णा पहिलं माप स्वतःच्या दंडाचं घ्यायचे. गळ्यातली टेप काढायची, एक टोक दातांत धरायचं, दंड फुगवायचा आणि आकडा खडूनं दाराच्या चौकटीवर लिहायचा. मग रस्त्यानं जो जाईल त्याला हाक. "अक्का, बघ की! पाव इंच वाढला!"

मी मूळची सांगलीची. साठ सालच्या आगेमागे लग्न होऊन बंगळुरात, मल्लेश्वरमात आले, तेव्हा समोरच अण्णांचं शिंप्याचं दुकान होतं. अण्णा कित्येक पिढ्यांपासून इथलेच. घरात मराठीच, पण कानडीच्या चालीवर. तशी आमच्या सासूबाईंचीही. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "बेजार करून घेऊ नको हं." मी घाबरले, मी कुणाला बेजार केलं? नंतर कळलं, इथं बेजार म्हणजे कुणी छळणं नव्हे. इथं बेजार म्हणजे जिवाला उदास वाटणं, करमेनासं होणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर अण्णांचा दंड. त्याच्या आधी चार महिने अण्णांनी कात्रीच उचलली नव्हती. कापड पसरायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. त्यांची बायको सुंदराक्का माझ्याकडे येऊन डोळे पुसायची. "जेवण नाही, बोलणं नाही. विचारलं तर म्हणतात, काही नाही. गिऱ्हाइकं कापड परत न्यायला लागली ग." शेवटी तिनंच त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर पुण्याहून नवेच आलेले. त्यांनी सांगितलं, वयाबरोबर पुरुषाच्या अंगातला एक रस कमी होतो, त्याला हार्मोन म्हणतात. दर शुक्रवारी एक सुई. तेलातली, घट्ट, कमरेत.

झालं! अण्णांना जगाचं कोडंच सुटलं. शेजारचा कोंबडा उशिरा आरवला, हार्मोन कमी. नळाची धार बारीक, हार्मोन कमी. "सगळा हार्मोनचा खेळ, अक्का!" आमचे हे कचेरीतून येऊन पेपरमागे बसणारे, दिवसाला दहा शब्द बोलणारे. त्यांच्यावर तर अण्णांचा फार डोळा. "रावसाहेब, एक सुई घेऊन बघा. स्वल्प दुखते, बस."

"मला काय धाड भरलीय?" म्हणून हे हसायचे.

कात्री पुन्हा चालू झाली, पण त्यातही हार्मोन शिरला. शिवणीत जादा कापड ठेवतात ना, त्याला आपण माया म्हणतो. अण्णा दंडाशी इतकी माया सोडायला लागले, की गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या बाह्या ढगळ. तक्रार केली तर म्हणायचे, "उद्या दंड भरला म्हणजे?"

दोन महिने असे गेले आणि कात्री पुन्हा थांबली. मला काही उमगेना. चौकटीवरचे आकडे तर चढत होते. पन्नाशीच्या माणसाच्या गालावर मुरुमं आली होती, सुंदराक्कावर दोनदा खेकसलेही होते. मग दंड वाढतोय आणि माणूस खचतोय, हे कसलं गणित?

ते सुटलं दवाखान्यात. मुलीला खोकला झाला म्हणून मी गेले होते. दार उघडंच, आत अण्णा. डॉक्टर म्हणत होते, "रक्तदाब चढलाय. सुई आता बंद."

अण्णांचा चेहरा उतरला. "मग बेजार, डॉक्टर?"

"ते तर मी पहिल्या दिवसापासून विचारतोय. कोण बेजार करतंय तुम्हाला? बायको? गिऱ्हाइकं?"

"कोणी नाही हो."

"मग बेजार कशानं?"

अण्णा टेप बोटाला गुंडाळत राहिले. मला एकदम सासूबाई आठवल्या. मी उठून सरळ आत तोंड घातलं. "डॉक्टर, तुमचा बेजार तो नव्हे. ते म्हणताहेत, मन उदास आहे."

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. "खरं, अण्णा?"

"तेच तर सांगत होतो की! कारण तेवढं विचारू नका. कारण सापडलं असतं तर टाका घालून टाकला असता."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "किती वाटतं उदास?"

शिंपी माणूस, त्याला शब्द कुठून सुचणार? अण्णांनी टेप उलगडली, दोन हातांत ताणून धरली. "एवढं."

डॉक्टर वाकले. "बावीस इंच," म्हणाले, आणि कागदावर लिहून घेतलं. हसले नाहीत.

सुई बंद झाली, शुक्रवार बंद झाला नाही. डॉक्टर त्यांना सगळ्यांत शेवटी बसवून घ्यायचे आणि नुसतं बोलायचे. मोठ्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांकडे जायला अण्णा तयार नव्हते, "वेडा म्हणतील." तर हे डॉक्टर स्वतः बरोबर गेले. चौकटीवर आता बेजारचा आकडा यायला लागला. बावीस, वीस, चोवीस, सतरा. सुंदराक्का तो बघून ठरवायची, आज कुठलं सारू, म्हणजे आपलं सार, करायचं ते. आणि कात्रीचा आवाज, आधी अडखळत, मग सलग, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला.

एका संध्याकाळी ह्यांचा शर्ट आणायला आम्ही दोघं गेलो. बाही ढगळच. मी म्हटलं, "अण्णा, सुई तर गेली. आता कशाला एवढी माया?"

"राहू दे की, अक्का."

मग गळ्यातली टेप काढून त्यांनी ह्यांच्यासमोर धरली. "रावसाहेब, तुमचं किती?"

मला वाटलं, हे हसतील. ह्यांनी टेपचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या हातानं ती उलगडत गेले. दहा इंच गेले, वीस गेले, तीस गेले. सात वर्षांच्या संसारात मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

टेप संपली. अण्णांनी आकडा बघितला नाही. दुकानातलं दुसरं स्टूल पुढं ओढून, त्यावरची चिंध्यांची रास खाली सारली आणि म्हणाले, "बसा."