द्वारकाबाईंचं बीळ कुठल्या रेषेत येतं

एका जंगलात, बाळांनो, अगदी शेवटच्या टोकाला, जिथे झाडं संपतात आणि खाडी सुरू होते, तिथे एक पाणमांजर राहत होतं. नाव द्वारकाबाई. आपण त्यांना अहो-जाहोच करू, कारण अगं-तुगं केलेलं त्यांना खपत नसे.

द्वारकाबाईंचं बीळ उंडीच्या झाडाच्या मुळांखाली होतं. बिळासमोर थोडी मोकळी माती, मातीपुढे तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाट राई आणि राईपलीकडे पाणी. भरती आली की पाणी तिवरांच्या मुळांत घोटाळायचं, चिखल ढवळायचं आणि तिथूनच माघारी जायचं. द्वारकाबाईंच्या दारापर्यंत ते कधी आलं नव्हतं. का येत नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दारात न येणाऱ्या पाहुण्याची चौकशी कोण करतं?

त्यांना दोन पिल्लं होती. पिल्लांना अजून पोहता येत नव्हतं. पाणमांजरांनाही पोहणं शिकावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. नवरा वरच्या अंगाला गोड्या पाण्यात राहायला गेला होता. त्याबद्दल द्वारकाबाई फारसं बोलत नसत, म्हणून आपणही नको बोलायला.

शेजारी रंगराव रानडुक्कर होते. स्वभावाने वाईट नव्हते. फक्त कुठेही मोकळी जागा दिसली की त्यांना ती वाया गेल्यासारखी वाटायची.

एका सकाळी तिकडून कडाकड आवाज येऊ लागला. द्वारकाबाई बाहेर येऊन बघतात तर रंगराव तिवरं मुळासकट उपटत होते.

"काय चाललंय हे, रंगराव?"

"चिखलस्नान," रंगराव म्हणाले. "आतल्या जंगलातली बडी मंडळी येणार आहेत. त्यांना चिखलात लोळता लोळता समोर पाणी दिसायला हवं. या तिवरांमुळे काही दिसतच नाही."

"अहो, पण तिवरांत मासे अंडी घालतात. माझी पिल्लं त्या माशांवर जगतात."

"ही तिवरं माझ्या हद्दीत आहेत, बाई. माझ्या हद्दीतले मासे तुम्ही इतके दिवस खाता, त्याबद्दल मी कधी शब्दाने बोललो का?"

उत्तर सुचलं नाही की द्वारकाबाई तडक राजाकडे जात. त्या दिवशीही गेल्या.

राजा होता सिंह. तो डोंगरावर राहायचा आणि त्याने खाडी कधी पाहिली नव्हती. द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. किनारा सगळ्यांचा असतो, म्हणाल्या. आज एक जण तिवरं तोडतो, उद्या दहा जण तोडतील. काहीतरी कायदा हवा.

राजाने विचारलं, "हे पाणी येतं तरी कुठपर्यंत?"

"रोज वेगळीकडे येतं, महाराज. दिवसातून दोनदा."

"रोज जागा बदलतं आणि आम्हाला कुणी कळवतही नाही," राजा गंभीर झाला. "बरं. भरतीच्या रेषेपासून पन्नास शेपट्यांच्या आत कुणीही खणू नये, बांधू नये, तोडू नये. झाला कायदा."

"कुणाच्या शेपट्या, महाराज?" मागून एका सशाने विचारलं.

राजाने इकडे तिकडे पाहिलं. जवळच मुकुंदराव वानर उभे होते. "यांच्या," राजा म्हणाला. अशा रीतीने मुकुंदराव मोजणी अधिकारी झाले. तोवर त्यांना आपल्या शेपटीचा काही उपयोग आहे असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते ती उचलून चालू लागले.

द्वारकाबाई आनंदात घरी परतल्या. वाटेत भेटेल त्याला त्यांनी कायदा समजावून सांगितला. रंगरावांच्या दारावरून जाताना तर जरा मोठ्यानेच सांगितला.

मोजणीच्या दिवशी त्या लवकर उठून, अंग चाटूनपुसून बाहेर येऊन बसल्या. मुकुंदराव भरतीच्या ओल्या खुणेवर उभे राहिले. शेपटी जमिनीवर सरळ टाकायची, टोकापाशी खूण करायची, पुढे सरकायचं, पुन्हा टाकायची. काम शांतपणे चाललं होतं. रंगरावांचं चिखलस्नान केव्हाच रेषेच्या आत आलं.

"बंद," मुकुंदराव म्हणाले.

रंगराव मटकन खाली बसले. द्वारकाबाईंनी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला.

मग मुकुंदराव द्वारकाबाईंच्या बाजूला आले आणि तिथेही मोजू लागले. मोकळी माती संपली. बिळाचं तोंड आलं. मुकुंदराव वाकून आत शिरले. थोड्या वेळाने आतून पिल्लांचं खुदखुदणं ऐकू आलं. शेवटच्या शेपटीचं टोक नेमकं पिल्लांच्या पोटावर आलं होतं.

मुकुंदराव धूळ झटकत बाहेर आले. "घर आतच आहे तुमचं. सोडावं लागेल."

द्वारकाबाईंना वाटलं, आपल्या कानात पाणी गेलंय. "अहो, कायदा मी मागितला."

"हो, तसा उल्लेख आहे. महाराज तुमचे आभारी आहेत."

"मी रंगरावांसाठी मागितला होता."

"मग त्यांचं नाव घालायला सांगायचं होतंत," मुकुंदराव म्हणाले. "आता त्यात 'कुणीही' असं आहे. तुम्ही कुणीही आहात."

आजवर द्वारकाबाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पिल्लांना जवळ घेतलं आणि बिळाच्या भिंतीवरून पंजा फिरवला. ही माती त्यांनी स्वतः खणली होती. प्रत्येक वळण त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? एक तिवर तोडलं नव्हतं. आणि डोंगरावर बसलेला कुणीतरी सांगणार, की हे घर चुकीच्या जागी आहे.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, बाळांनो. अडचण एवढीच, की तेव्हा रंगरावही पलीकडे बसून, तिवरांचं तेवढं सोडून, हुबेहूब असंच म्हणत होते.

संध्याकाळी रंगराव स्वतःच आले. तोंडात एक खेकडा होता. तो त्यांनी दाराशी ठेवला.

"पिल्लांसाठी," ते म्हणाले. मग ते खेकड्यापाशीच बसले.

"तुमचं फार वाईट झालं," रंगराव म्हणाले.

"तुमचंही," द्वारकाबाई म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना पहिल्यांदाच तसं खरंच वाटलं.

"जागा आपली. आपण तिचं काय करायचं, हे दुसऱ्याने का सांगावं?"

"तेच ना."

त्याच खेकड्याच्या साक्षीने किनारा मालक संघ स्थापन झाला. खेकड्याचं मत कुणी विचारलं नाही. द्वारकाबाई अध्यक्ष, रंगराव चिटणीस. बघता बघता किनाऱ्यावरची सगळी बिळं, घरटी आणि ढोल्या संघात आल्या. द्वारकाबाईंनी उंडीखाली उभं राहून भाषण केलं. ज्याची जागा, त्याचा शब्द शेवटचा, असं त्या म्हणाल्या. ते वाक्य इतकं चाललं, की कासवही मान बाहेर काढून हो म्हणालं, आणि त्याचं घर तर त्याच्या पाठीवरच होतं.

मग सगळा संघ डोंगरावर गेला. एवढी गर्दी पाहून राजा थोडा दचकला.

"कायदा मागे घेता येणार नाही," तो म्हणाला. "तसं केलं तर आम्ही चुकलो असं दिसेल."

"मागे घेऊ नका, महाराज," रंगराव अदबीने म्हणाले. "एक अक्षरही बदलू नका. फक्त मोजायला सुरुवात भरतीच्या रेषेऐवजी ओहोटीच्या रेषेपासून करा."

राजाने मुकुंदरावांकडे पाहिलं. मुकुंदराव खाडीवर जाऊन मोजून आले. ओहोटीच्या रेषेपासून पन्नास शेपट्या मोजल्या, तर सगळ्या चिखलातच संपत होत्या. अर्धा दिवस तिथे पाणी असायचं.

कायदा कायम राहिला. जिथे कुणालाच घर बांधायचं नव्हतं, तिथे आता कुणालाही घर बांधता येणार नव्हतं. राजा खूश झाला, संघ खूश झाला. मुकुंदरावांना मात्र रोज चिखलात शेपटी बुडवावी लागे, म्हणून ते तेवढे खूश नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगरावांकडून पुन्हा कडाकड आवाज सुरू झाला.

द्वारकाबाई लगबगीने गेल्या. "रंगराव, निदान पाण्याकडची ओळ तरी ठेवा."

रंगराव थांबले. त्यांनी आदराने मान झुकवली. "अध्यक्षबाई, तुमचं ते वाक्य मी पाठ केलंय. ज्याची जागा, त्याचा शब्द शेवटचा."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना एवढं कडू लागेल असं द्वारकाबाईंना वाटलं नव्हतं. त्या घरी आल्या. दारात बसून राहिल्या. एकेक तिवर पडत गेलं, तसतसं समोर पाणी दिसू लागलं. आणि काय सांगू, ते दिसायला सुंदर होतं. चकाकणारं, मोकळं, थेट क्षितिजापर्यंत. थोड्या दिवसांनी द्वारकाबाईंना वाटलं, झालं ते झालं. निदान देखाव्याचा तरी उपभोग घ्यावा. त्यांनी आपल्या हद्दीतली उरलीसुरली तिवरंही काढून टाकली आणि बिळाला पाण्याच्या बाजूने एक नवं, रुंद दार खणलं.

मासे कमी झाले होते. द्वारकाबाईंना आता त्यांच्यासाठी बऱ्याच दूर जावं लागे. पण परत आलं की नव्या दारातून गार वारा यायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय सुंदर जागा आहे हो तुमची."

मग श्रावणातल्या अमावस्येला उधाण आलं.

भर दुपार होती. आभाळ भरलेलं होतं आणि वारा समुद्राकडून सुटला होता. रंगरावांचे पाहुणे चिखलात लोळत होते. पाणी वर येऊ लागलं, तेव्हा त्यांनी कौतुकाने पाहिलं. पाणी पोटाला लागलं, तेव्हा ते उठले. मग ते पळाले आणि देखाव्याबद्दल काहीच न बोलता आतल्या जंगलात निघून गेले.

पाणी नेहमीच्या जागी थांबेल, म्हणून द्वारकाबाई वाट बघत होत्या. पण आता वाटेत त्याला घोटाळायला काही नव्हतं. ते मोकळ्या मातीवरून सरळ आलं आणि नव्या रुंद दारातून आत शिरलं.

द्वारकाबाईंनी एका पिल्लाची मान तोंडात धरली आणि जुन्या, अरुंद दारातून बाहेर झेप घेतली. दुसऱ्यासाठी त्या मागे फिरल्या, तेव्हा आतून माती ढासळल्याचा आवाज आला. अरुंद दार मातीने बुजलं.

तेवढ्यात वरच्या बाजूने रंगराव धावत आले. आयुष्यभर जमीन उकरण्यात गेलेलं ते नाक त्यांनी ढासळलेल्या मातीत खुपसलं. एक धक्का, दुसरा धक्का. चिखल उडाला, पाण्याचा लोट आला आणि रंगराव त्यात कानापर्यंत बुडाले. मग ते मागे सरकले. सुळ्यांच्या मधोमध, इजा होणार नाही असं अलगद धरलेलं पिल्लू होतं. ते शिंकलं.

दोघं पिल्लांना घेऊन मागच्या टेकाडावर चढले. खाली उंडीचं झाड हळूहळू कललं आणि पाण्यावर आडवं झालं. बीळ दिसेनासं झालं. चिखलस्नान होतं तिथे नुसत्या लाटा होत्या. द्वारकाबाई पिल्लांना चाटत राहिल्या. रंगराव शेजारी अंगावरचा चिखल झटकत उभे होते.

"रंगराव," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बोला, बाई."

खरं काय ते त्यांच्या ओठांवर आलं होतं. रंगरावांच्याही आलं असावं, कारण ते पायाखालच्या गवताकडे बघत होते. दोघांपैकी एकाने जरी ते म्हटलं असतं, तरी आपली गोष्ट इथेच संपली असती आणि तिचं तात्पर्य फार चांगलं निघालं असतं.

"आपल्या जागेत हे पाणी आलंच कसं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

रंगरावांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला. "न विचारता आलं."

"हे अतिक्रमण आहे."

"उघड उघड अतिक्रमण आहे, बाई."

दुसऱ्या दिवशी ओला झालेला संघ पुन्हा डोंगरावर गेला. राजाने सगळं ऐकून घेतलं. खासगी मालमत्तेत घुसणं त्याला मुळीच पटलं नाही. त्याने समुद्राला नोटीस काढली. आपण अमुक दिवशी अनधिकृतपणे आत आलात, तरी तात्काळ मूळ जागी जावं आणि आपल्या वर्तनाचा खुलासा करावा.

मुकुंदरावांनी ती नोटीस एका मोठ्या पानावर लिहून ओहोटीच्या वेळी काठीला बांधली आणि काठी चिखलात रोवली. संध्याकाळी भरती आली आणि नोटीस घेऊन गेली. नोटीस पोचल्याची नोंद झाली.

द्वारकाबाई आता टेकाडावर राहतात. खालची जागा अजून त्यांच्याच नावावर आहे. पिल्लांना पोहता येऊ लागलं आहे. ती आपल्या जुन्या घरावरून पोहत जातात. रंगराव सकाळी येतात आणि दोघं शेजारी बसून खाडीकडे बघत समुद्राच्या खुलाशाची वाट पाहतात.

खुलासा रोज दोनदा येतो. पण तो विहित नमुन्यात नसल्यामुळे अजून विचारात घेतलेला नाही.

तात्पर्य : कायदा जरूर मागावा, बाळांनो, पण त्यात शेजाऱ्याचं नाव घालायला विसरू नये. आणि किनाऱ्याच्या जागेवर आपला हक्क बजावायचा असेल, तर राहायला डोंगरावर जावं. राजा काही वेडा नव्हता.