दातांसकट तपासणी

त्या दिवशी माझ्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं. तशी चोख व्यवस्थाच केली होती मी. सकाळी उठल्याबरोबर फोन चार्जिंगला लावला आणि मुख्य म्हणजे बटणही चालू केलं. फोनवर गजर लावला. तो कशासाठी वाजतोय हे आठवावं म्हणून त्याच्यामागे आणखी एक लावला. आईला समोर बसवून तिने काय काय सांगायचं याची उजळणी करून घेतली. उभ्या गल्लीला वेंधळी म्हणून ठाऊक असलेली बाई एवढी तयारी करते, म्हणजे प्रसंगच तसा होता. व्हिडिओ कॉलवर माझी एडीएचडीची तपासणी होती.

एडीएचडी म्हणजे लक्ष जागेवर न राहण्याचा त्रास. त्यावर मी एक लेख वाचला होता. अर्धाच वाचला, पण त्या अर्ध्यात मी पूर्ण सापडले. हा त्रास मोठ्या माणसांनाही असतो असं त्यात लिहिलं होतं, आणि ते वाचून मला भर दुपारी रडू आलं. आयुष्यभर मी 'धांदरट', 'वेंधळी', 'डोकं कुठे ठेवून आलीस' हेच ऐकत आले. या सगळ्याला निष्काळजीपणाशिवाय दुसरं काही नाव असू शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मला ही तपासणी हवी होती. कित्येक महिने थांबल्यावर डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली होती.

शिवाय प्रश्न नोकरीचा होता. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये दात बसवायचं काम करते. हात चांगला आहे माझा, मालकही मान्य करतात. पण मागच्या महिन्यात माझ्याकडून दोन गिऱ्हाइकांच्या डब्यांची अदलाबदल झाली. त्यातल्या एका गृहस्थांनी तर तक्रारही केली नाही. शेवटी त्यांची बायको आली आणि म्हणाली, "हे हसले की घरात दुसरंच कुणीतरी हसल्यासारखं वाटतं." मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ताई, आता आणखी एक चूक झाली, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

म्हणून या वेळची कवळी मी सरळ घरी घेऊन आले. एका निवृत्त मुख्याध्यापकांची होती. त्यांचं त्याच दुपारी जुन्या शाळेत भाषण होतं. घरात दुसरी कवळीच नाही म्हटल्यावर बदलणार कशी? तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा, डॉक्टरीणबाईंशी बोलायचं आणि मग कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नेऊन द्यायची. नियोजन म्हणतात ते हेच.

कॉलची वेळ झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हाताला लागलं त्याला फोन टेकवला आणि ताठ बसले. शेजारी आई. तिने ठेवणीतले कपडे घातले होते, पावडर लावली होती. डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या, नमस्कार झाले आणि लगेच गजर वाजला.

"हा कसला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमचा कॉल आहे, त्याची आठवण."

"आपण कॉलवरच आहोत."

"हो ना. थोड्या वेळाने याची आठवण करून देणारा वाजेल."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्या आईकडे वळल्या. लहानपणची माहिती घरच्या मोठ्या माणसाकडून घ्यावी लागते म्हणे. "लहानपणी कशी होती ही?"

आता, याच आईने त्याच सकाळी मशीनमध्ये विसरलेल्या कपड्यांवरून माझा उद्धार केला होता. पण बाहेरच्या माणसासमोर लेकीला कमी लेखायचं म्हणजे काय? ती खुर्चीत सावरून बसली. "अगदी गुणाची. शांत. कधी काही विसरली नाही, कधी काही हरवलं नाही."

मी टेबलाखालून तिला चिमटा काढला.

"चिमटे कशाला काढतेस गं?" आई म्हणाली. "खरं तेच सांगतेय."

इतके महिने वाट बघायची आणि आईने कौतुक करून करून मला धडधाकट ठरवायचं!

डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. "शाळेत डबा वगैरे विसरायची का?"

"छे. डबा रोज वेळेवर पोचायचा."

"पोचायचा म्हणजे?"

"मी न्यायचे ना. ही पुढे धावायची, डबा घेऊन मी मागे."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशी नाही हं."

"आणि वह्या?"

"त्या डब्याबरोबरच. एक खेप वाचायची."

"गृहपाठ?"

"कधी अर्धा राहिला नाही. मी समोर बसायचे. ही उठली की बसवायचं, उठली की बसवायचं. पण एकदा बसली की बसायची हो."

डॉक्टरीणबाई भराभर लिहीत होत्या. मी आईकडे बघत राहिले. ती रोज शाळेच्या फाटकाशी उभी असायची, पण मला वाटायचं सगळ्यांच्याच आया येत असतील.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई गेल्या आणि पडद्यावर मालकांचं नाव आलं.

"ताई, मुख्याध्यापक लवकर येऊन बसलेत. तोंडावर रुमाल धरून."

"तयारच आहे साहेब, आलेच."

फोन उचलून मी उठले आणि कवळीची डबी ठेवल्याचं आठवत होतं त्या कपाटाकडे गेले. कपाटात डबी नव्हती.

डॉक्टरीणबाईंचा कॉल परत लागला तेव्हा मी पलंगाखाली होते. फोन हातातच असल्याने पलंगाखालचं त्यांनाही दिसलं. मग त्यांनी आमचं वॉशिंग मशीन आतून पाहिलं. मग फ्रिज.

"फ्रिजमध्ये का बघताय?"

"मागच्या वेळी चष्मा तिथे होता."

"ती सहसा असं करत नाही हो," आई मागून म्हणाली.

"आपण आज इथेच थांबू या का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको," मी फ्रिजचं दार लावत म्हणाले. "आज राहिलं तर परत तुमची वेळ घ्यायची मी विसरून जाईन. मला ठाऊक आहे ना मी."

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. " सुरुवातीला तुम्ही फोन कशाला टेकवला होता?"

मी वळून टेबलाकडे पाहिलं. निळी डबी जागच्या जागी होती. इतका वेळ डॉक्टरीणबाई मुख्याध्यापकांच्या दातांना टेकून बसल्या होत्या.

मी एका हातात डबी घेतली, दुसऱ्या हातात फोन होताच. "तुम्ही विचारत राहा, मी चालता चालता सांगते," म्हणत दाराशी आले, चपला घालायला एक हात मोकळा केला आणि धावत सुटले.

लॅबमध्ये घासायचं मशीन घरघरत होतं. मुख्याध्यापक रुमाल धरून खुर्चीवर बसले होते. मालकांनी हात पुढे केला. मी विजयी मुद्रेने त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे घ्या साहेब."

"नमस्कार," त्यांच्या तळहातावरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी रुमालाआडून नमस्कारादाखल मान झुकवली.

"ताई, हे काय आहे?"

"डॉक्टर आहेत."

"आणि दात?"

मी माझे हात बघितले. दोन्ही मोकळे होते. डबी घरी, चपलांच्या स्टँडवर. आता संपलंच, गेली नोकरी, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन चालवणाऱ्याने मशीनसुद्धा बंद केलं.

"यांच्यासमोर बोलले तर चालेल तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मान हलवली. लपवण्यासारखं राहिलं होतं काय!

"अजून एकदा रीतसर बसावं लागेल. पण मला शंका उरलेली नाही. हा एडीएचडीच आहे. निष्काळजीपणा नव्हे. यावर उपाय आहेत. आणि साहेब, डब्यांवर नावं घालताना यांच्या जोडीला कुणीतरी द्या, एवढं केलंत तरी पुष्कळ आहे."

मी तिथेच रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या वेंधळेपणाबद्दल न रागावता बोललं होतं.

मालक थोडे वरमले. "जोडीला देईन की. दात त्या उत्तमच बसवतात," ते म्हणाले. "पण आत्ता ते आहेत कुठे?"

दार ढकलून आई आत आली. धाप लागलेली, पावडरीवर घामाचे ओघळ, दोन पायांत दोन वेगळ्या चपला आणि हातात निळी डबी.

मुख्याध्यापक भिंतीकडे वळले, दात बसवले आणि परत फिरून म्हणाले, "उत्कृष्ट." एक अक्षरही घसरलं नाही.

"आई," मालकांच्या हातातून डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होतात, ही कधी काही विसरत नाही."

"मग?" आईने पदराने घाम पुसला आणि सगळ्यांकडे एकदा ताठ मानेनं बघितलं. "पोचली की नाही डबी वेळेवर?"